फ्रॅजाइल कुठे, ब्रिटल कुठे: नव्याने इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

फ्रॅजाइल हा शब्द आपण सगळ्यांनी हजारदा पाहिलेला असतो. टीव्हीच्या खोक्यावर असतो, कुरियरच्या पाकिटावर असतो, विमानात टाकलेल्या बॅगेला लावलेल्या टॅगवर असतो, आणि बाजूला वाइन ग्लासचं चित्र असतं. पाहून अर्थ लगेच कळतो. गडबड होते ती स्वतः वाक्य लिहायची वेळ आली की, कारण डिक्शनरी उघडली तर नाजूक, ठिसूळ, भंगुर, तकलादू, कमकुवत असं सगळं एकाच ओळीत दिलेलं असतं, मग आपण त्यातला एक उचलतो आणि जिथे तिथे तोच लावतो. मग कुणी पंच्याऐंशी वर्षांच्या आजीला फ्रॅजाइल लिहितं, कुणी खडूला, कुणी बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या स्टुलाला. व्याकरण बरोबर असतं, स्पेलिंग बरोबर असतं, तरी वाचणाऱ्याला खटकतं.

मराठी मीडियममधून शिकून आता ऑफिसच्या ईमेल्स, रिपोर्ट्स, आयईएल्टीएसचे निबंध असं काहीतरी इंग्रजीत लिहायला लागलेल्यांसाठी हे लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की हा शब्द आणि त्याच्या आजूबाजूचे शब्द अर्थ पाठ करून येत नाहीत, ती गोष्ट तुटते कशी आणि कशामुळे हे आधी विचारलं की येतात. आणि असा विचार करायची सवय आपल्याला आहेच, फक्त आपण ती वापरत नाही. काच फुटते, दोरी तुटते, खुर्ची मोडते, कापड फाटतं, भिंतीला तडा जातो. दोरी फुटली असं मराठीत लहान मूलसुद्धा म्हणत नाही, आणि हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजीत यातल्या बऱ्याच क्रियापदांचं काम एकटं ब्रेक करतं, म्हणून आपल्याला वाटतं की इंग्रजीला या बारकाव्यांचं काही पडलेलं नाही. पडलेलं असतं, फक्त ते क्रियापदात कमी आणि विशेषणात जास्त दिसतं.

पहिली पायरी: आधी तोंडात बसवा

ब्रिटिश पद्धतीने फ्रॅजाइल, अमेरिकन पद्धतीने फ्रॅजल. दोन्ही बरोबर आहेत. अमेरिकन लोक शेवटचा आइल जवळजवळ गिळतात, मिसाइलचं मिसल करतात, हॉस्टाइल म्हणतात तेव्हा आपल्याला हॉस्टेल ऐकू येतं. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकवतात त्यामुळे तुम्ही फ्रॅजाइलच म्हणत राहा, बदलायची काही गरज नाही, फक्त अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल असेल आणि फ्रॅजल ऐकू आलं तर तो कुठला नवीन शब्द नाहीये हे लक्षात ठेवा. जोर दोन्हीकडे पहिल्या अक्षरावर, फ्रॅवर.

स्पेलिंगमध्ये जे नाही, जी आहे. लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेल्या शब्दांत जीनंतर आय किंवा ई आला की बहुतेक वेळा ज होतो, जायंट, जेंटल, मॅजिक सगळे तसेच. गिफ्ट, गिव्ह, गर्ल हे वेगळ्या घराण्यातले जुने शब्द, त्यांना हा नियम लागत नाही. आणि शेवटचा ई विसरू नका, तो विसरलेली खोकी मी खूप बघते.

मूळ लॅटिन क्रियापद आहे फ्रांगेरे, म्हणजे तोडणं. त्याचंच फ्रॅक्चर, त्याचंच फ्रॅगमेंट म्हणजे तुकडा, आणि शाळेत गणितात आलेलं फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांक, तोही तुकडाच. फ्रेल हा पुढे येणारा शब्दसुद्धा ह्याच घरातला, तो जुन्या फ्रेंचमधून झिजत आला म्हणून छोटा झालाय. एकदा हे नातं कळलं की फ्रॅजाइल विसरायला होत नाही.

दुसरी पायरी: हाताने उचलता येणाऱ्या वस्तू

इथून सुरुवात करा कारण इथे चूक व्हायची शक्यता सगळ्यात कमी. काचेचा बाउल, चिनी मातीचे कप, झुंबर, अंडी, शाडूची मूर्ती, जुनी फोटोची काच. फ्रॅजाइल म्हणजे थोड्याशा धक्क्याने, दाबाने किंवा निष्काळजीपणाने जी मोडेल ती वस्तू. यात दोन गोष्टी आल्या आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे धक्का थोडासाच पुरतो. दोन म्हणजे वस्तू आत्ता शाबूत आहे. ही दुसरी गोष्ट पुस्तकात सहसा लिहिलेली नसते पण पुढे सगळं तिच्यावर उभं आहे, म्हणून आत्ताच मनात पक्की करा. फुटलेल्या कपाला कुणी फ्रॅजाइल म्हणत नाही, तो ब्रोकन झाला. तडा गेलेला पण अजून उभा असलेला कप मात्र फ्रॅजाइल होऊ शकतो.

ब्रेकेबल हा शब्द जवळचा आहे पण थंड आहे, मोडू शकतो एवढंच सांगतो. तुम्ही घर शिफ्ट करताना मूव्हर्सना यादी दिली तर त्यात काचसामानाला ब्रेकेबल्स असं नाम म्हणून लिहितात, ते बरोबर आहे. फ्रॅजाइल्स असं अनेकवचन करू नका.

पार्सलवर काय लिहायचं हे इथेच सांगून टाकते. फ्रॅजाइल, आणि त्याखाली हॅन्डल विथ केअर. बास. डेलिकेट लिहू नका, ब्रिटल तर मुळीच नाही. खोक्यांवरच्या चित्रांसाठी आयएसओ ७८० नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, वाइन ग्लास म्हणजे फ्रॅजाइल, वर जाणारे दोन बाण म्हणजे ही बाजू वर, छत्री म्हणजे पाण्यापासून जपा. हमाली करणाऱ्या माणसाला इंग्रजी वाचता येत नसलं तरी चित्र कळतं त्यामुळे शक्य असेल तर चित्र लावाच, आणि एकाच बाजूला नको, निदान दोन-तीन बाजूंना लावा कारण खोकं कुठल्या बाजूने दिसेल ते आपल्या हातात नसतं. एअरपोर्टवर काउंटरला सांगितलं तर बॅगेला फ्रॅजाइल टॅग लावून देतात, पण अशा सामानासाठी बऱ्याच एअरलाइन्स आपल्याकडून सही घेतात की नुकसान झालं तर जबाबदारी मर्यादित, तेव्हा तो कागद वाचून सही करा आणि खरंच काचेचं काही असेल तर ते हातातल्या बॅगेतच न्या.

तिसरी पायरी: वाकवून बघा, म्हणजे ब्रिटल कळेल

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ द्यायची आहे. मनातल्या मनात ती वस्तू दोन्ही हातांनी धरून वाकवा. वाकली तर ब्रिटल नाही. अजिबात न वाकता कट्‌कन तुकडे झाले तर ब्रिटल. आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अधातू ठिसूळ असतात असं वाक्य होतं ना, गंधक आणि कोळसा ठोकला की भुगा होतो, आणि धातूंना तन्यता नि वर्धनीयता असते, तार निघते, पत्रा होतो. तो ठिसूळ म्हणजेच ब्रिटल. इतका नेमका मराठी शब्द आपल्याकडे असताना मुलं तो फ्रॅजाइलला लावतात याचं मला फार वाईट वाटतं.

फरक असा आहे की ब्रिटल हे मटेरियलचं वर्णन आहे, फ्रॅजाइल हे वस्तूचं. ओतीव लोखंड, म्हणजे कास्ट आयर्न, ब्रिटल आहे, जोरात घण मारला तर वाकत नाही, तडकतं. पण रस्त्यावरच्या गटाराच्या जाड बिडाच्या झाकणाला तुम्ही फ्रॅजाइल म्हणाल का, ट्रक जातात त्याच्यावरून. उलट फुलपाखराचा पंख, कोळ्याचं जाळं, साबणाचा फुगा, हे फ्रॅजाइल आहेत पण ब्रिटल नाहीत, कारण ते वाकतात, ताणले जातात, कट्‌कन तुटत नाहीत. आणि वाइन ग्लास दोन्ही आहे, काच मुळात ब्रिटल आणि ती इतकी पातळ केली की वस्तू फ्रॅजाइल झाली. ही तीन उदाहरणं, झाकण, जाळं आणि ग्लास, एका कागदावर लिहून भिंतीला लावलीत तरी अर्धं काम झालं.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक खरं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने वेल्डिंग करून हजारो जहाजं बांधली, त्यातल्या अनेकांना तडे गेले, आणि १६ जानेवारी १९४३ ला पोर्टलंड, ऑरेगनच्या धक्क्याला शांतपणे उभं असलेलं स्कनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर जहाज अचानक मधोमध दुभंगलं. वादळ नाही, टॉर्पेडो नाही. पुढे अभ्यासातून कळलं की त्या काळातलं पोलाद कमी तापमानाला ठिसूळ होत होतं, आणि सलग वेल्डिंगमुळे एकदा सुरू झालेली चीर थांबायला जागाच मिळत नव्हती. इंग्रजीत ह्याला ब्रिटल फ्रॅक्चर म्हणतात. फ्रॅजाइल फ्रॅक्चर असा शब्द नाही. एवढं मोठं जहाज काही फ्रॅजाइल म्हणून बांधलेलं नव्हतं, त्याचं पोलाद ब्रिटल झालं होतं, वाक्य लिहिताना कर्ता काय आहे ते बघा म्हणजे शब्द आपोआप ठरतो.

कागदाचंही तसंच. जुनं दस्तऐवजाचं बाड फ्रॅजाइल असतं, म्हणजे जपून हाताळा. पण त्यातलं पान कोपऱ्यात दुमडलं आणि तुकडा हातात आला तर ते पान ब्रिटल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्यापासून कागद बनायला लागला, त्यात आम्ल राहायचं, आणि तो कागद आतून कुजत ब्रिटल होतो, लायब्ररीवाले त्यासाठी ब्रिटल बुक्स असाच शब्द वापरतात. ह्याच्या उलट, चांगला हातकागद त्याहून जुना असूनही मऊ राहिलेला असतो.

अजून कुठे ब्रिटल येतं, तर नखं, केस, हाडं. ब्रिटल नेल्स हे शाम्पू-क्रीमच्या जाहिरातीत रोज दिसतं. जन्मतःच कोलॅजनच्या दोषामुळे हाडं सहज मोडण्याचा जो आजार आहे त्याला बोलीत ब्रिटल बोन डिसीज म्हणतात. आपल्या चिक्कीला इंग्रजीत जवळचा शब्द पीनट ब्रिटल, इथे ब्रिटल चक्क नाम झालंय. आणि माणसाच्या आवाजाला किंवा हसण्याला ब्रिटल म्हटलं तर अर्थ असा की वरून कडक, चकचकीत, पण आत ताण इतका की आता तुटेल. अ ब्रिटल स्माइल म्हणजे नाजूक गोड हसू नव्हे हं, ह्याच्यात खूप जण फसतात.

चौथी पायरी: डेलिकेट, फ्लिम्झी, फ्रेल

डेलिकेटमध्ये कौतुक असतं. बारीक, सुबक, हळुवार हात लागतो असं काही. पैठणीच्या काठावरचं बारीक काम डेलिकेट, केशराचा वास डेलिकेट, मेंदूचं ऑपरेशन डेलिकेट, आणि दोन भावांमधला जमिनीचा विषय काढायचा असेल तर तोही डेलिकेट मॅटर. मराठीतला नाजूक जवळजवळ जसाच्या तसा इथे बसतो, नाजूक विषय, नाजूक कलाकुसर. वॉशिंग मशीनवर डेलिकेट्स असं बटण असतं ते तलम कपड्यांसाठी. एक सावधगिरी, ह्याचं नाम डेलिकसी हे नाजूकपणाला चालतं पण त्याहून जास्त वेळा ते खास चविष्ट पदार्थाला वापरतात, त्यामुळे द डेलिकसी ऑफ द ग्लास वगैरे लिहिण्याच्या भानगडीत पडू नका.

फ्लिम्झी म्हणजे आपला तकलादू. बनवणाऱ्याने नीट बनवलं नाही, पातळ पत्रा, हलकं प्लास्टिक. म्हणजे त्यात तक्रार आहे. ते स्टूल फ्लिम्झी आहे. फ्लिम्झी एक्स्क्यूज म्हणजे न टिकणारी सबब, फ्लिम्झी एव्हिडन्स म्हणजे कोर्टात उभा न राहणारा पुरावा. ऑनलाइन रिव्ह्यू लिहिताना प्रॉडक्ट फ्रॅजाइल आहे म्हणालात तर दुकानदाराला वाटेल की जपून वापरायचा माल आहे एवढंच सांगताय, फ्लिम्झी म्हणालात की कळेल क्वालिटी वाईट आहे.

फ्रेल हे मुख्यतः माणसाच्या शरीराला, त्यातही वय झालेल्या किंवा मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाच्या. थकलेली, खंगलेली, वाऱ्याने पडेल अशी. आजीसाठी हा शब्द. परदेशात आईवडिलांना डॉक्टरकडे नेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्या, कारण तिकडे फ्रेल्टी ही मोजायची गोष्ट झालीये. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाच निकष मांडले, प्रयत्न न करता वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड कमी होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं, यातले तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल, एक-दोन असतील तर प्रीफ्रेल. डॉक्टरने फॉर्मवर फ्रेल लिहिलं म्हणून अपमान वाटून घेऊ नका, त्याच्यावरून फिजिओथेरपी, आहार, ऑपरेशन झेपेल का हे ठरू शकतं.

आणि याच्याच शेजारी फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर हा शब्द येतो, तो वेगळा. उभ्या उंचीवरून किंवा त्याहूनही कमी उंचीवरून पडून, म्हणजे एरवी हाड मोडायला नको होतं इतक्या साध्या पडण्याने हाड मोडलं तर त्याला फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर म्हणतात. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडणं, खुर्चीतून उठताना पडून मनगट मोडणं. रिपोर्टवर हे शब्द दिसले तर डॉक्टरांना ऑस्टिओपोरोसिसबद्दल, म्हणजे हाडं विरळ होण्याबद्दल, आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल नक्की विचारा, कारण एक असं फ्रॅक्चर झालं की पुढच्याची शक्यता वाढलेली असते.

पाचवी पायरी: हातात न धरता येणाऱ्या गोष्टी

बातम्यांमध्ये फ्रॅजाइल सगळ्यात जास्त इथे भेटतो. फ्रॅजाइल पीस, फ्रॅजाइल सीझफायर, फ्रॅजाइल कोअलिशन, फ्रॅजाइल रिकव्हरी. दुसऱ्या पायरीत सांगितलेलं आठवा, वस्तू शाबूत असली पाहिजे. फ्रॅजाइल सीझफायर म्हणजे शस्त्रसंधी आहे, चालू आहे, पण एखादी गोळी सुटली तर मोडेल. युद्ध परत सुरू झालं असेल तर मग द सीझफायर हॅज कोलॅप्स्ड. आठ-दहा पक्षांच्या टेकूवर उभं सरकार फ्रॅजाइल, पण ते पडलं की मग फ्रॅजाइल म्हणायचं नाही. त्यामुळेच बातमीत ह्या शब्दाचं आवडतं क्रियापद रिमेन्स आहे, द सिच्युएशन रिमेन्स फ्रॅजाइल, म्हणजे अजून टिकून आहे पण भरवसा नाही.

हा फरक किती खरा आहे ते एका नावाच्या बदलात दिसतं. फंड फॉर पीस नावाची अमेरिकन संस्था २००५ पासून देशांची एक यादी काढते, तिचं नाव होतं फेल्ड स्टेट्स इंडेक्स. २०१४ साली त्यांनी नाव बदलून फ्रॅजाइल स्टेट्स इंडेक्स केलं. फेल्ड म्हटलं की निकाल लागला, पुस्तक मिटलं. फ्रॅजाइल म्हटलं की अजून काहीतरी उभं आहे आणि वाचवता येईल. यूपीएससीवाल्यांनी निबंधात एखाद्या देशाबद्दल लिहिताना ह्या दोन शब्दांची अदलाबदल करू नये.

दुसरं उदाहरण आपल्या खिशाचं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, बाजारात पैसा ओतणं कमी करण्याचे संकेत दिले, आणि परदेशी पैसा उगवत्या देशांतून बाहेर पडायला लागला. ऑगस्टमध्ये रुपया डॉलरला ६८च्या पुढे घसरला. त्याच महिन्यात मॉर्गन स्टॅन्ले या गुंतवणूक बँकेच्या विश्लेषकांनी पाच देशांना फ्रॅजाइल फाइव्ह म्हटलं, ब्राझील, भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान. आता बघा, हे काही छोटे किंवा गरीब म्हणून निवडलेले नव्हते, भारत आणि ब्राझील तर जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्था. चालू खात्याची तूट, म्हणजे आयात वगैरेसाठी बाहेर जाणारा पैसा आणि निर्यात वगैरेतून येणारा पैसा यातला फरक, भरायला हे देश बाहेरच्या पैशावर अवलंबून होते, तो पैसा हलला की हे हलणार, म्हणून फ्रॅजाइल. वीक लिहिलं असतं तर अर्थ वेगळा झाला असता. मोठं पण एका धक्क्याने हलणारं असं काही सांगायचं असेल तेव्हा वीक ऐवजी फ्रॅजाइल.

पर्यावरणावर लिहिणाऱ्यांसाठी. फ्रॅजाइल इकोसिस्टिम हा शब्दप्रयोग जुना आणि मान्य आहे, १९९२ च्या रिओ पर्यावरण परिषदेत ठरलेल्या अजेंडा २१ या कृती आराखड्यामध्ये वाळवंटीकरण आणि डोंगराळ भाग ह्या दोन्ही प्रकरणांच्या नावातच तो आहे. आपल्याकडे कासच्या पठाराला तो अगदी बसतो, जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारी ती सगळी फुलं, आणि पर्यटकांचे बूट. ते मातीचं कवच तुडवलं गेलं की परत तयार व्हायला किती काळ लागेल ह्याचा विचार फोटो काढताना कुणी करत नाही. पण सरकारी कागदपत्रांत मात्र शब्द वेगळा आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये जाहीर झालं ते इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून. तेव्हा हरकत, अर्ज, आरटीआय असं काही लिहीत असाल तर सेन्सिटिव्ह, लेखात वर्णन करत असाल तर फ्रॅजाइल.

सहावी पायरी: माणसांबद्दल लिहिताना जरा थांबा

फ्रॅजाइल हेल्थ चालतं, तब्येत तोळामासा असणं. इमोशनली फ्रॅजाइल म्हणजे मनाने हळवा झालेला, छोट्या गोष्टीने कोलमडेल असा, घटस्फोटानंतर, मृत्यूनंतर, नोकरी गेल्यावर. हे सहानुभूतीने म्हणता येतं. पण फ्रॅजाइल ईगो म्हणालात की टोमणा झाला, आणि सोशल मीडियावर फ्रॅजाइल मॅस्क्युलिनिटी हा तर सरळ भांडणाचा शब्द आहे. ऑफिसमध्ये सहकाऱ्याबद्दल लेखी कुठेच हा शब्द वापरू नका, अप्रेझलमध्ये तर नाहीच. इज गोइंग थ्रू अ डिफिकल्ट टाइम लिहा, माणसाचा मान राहतो.

फ्रॅजाइल एक्स सिंड्रोमबद्दल मुद्दाम लिहिते, कारण पालक नाव ऐकूनच हादरतात. इथे फ्रॅजाइल हे मुलाचं वर्णन नाही, एक्स क्रोमोझोमचं आहे. प्रयोगशाळेत ठराविक पद्धतीने वाढवलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या तर त्या क्रोमोझोमच्या टोकाजवळ एक जागा इतकी बारीक दिसते की टोक आता तुटून पडेल असं वाटतं, त्यावरून नाव पडलं. कारण आहे एफएमआर१ नावाचा जीन, त्यात सीजीजी हा तुकडा २०० पेक्षा जास्त वेळा परत परत आला की जीन बंद पडतो, १९९१ मध्ये हे सापडलं. शिकायला उशीर, बोलायला उशीर, ऑटिझमसारखी लक्षणं दिसू शकतात. पण हाडं नाजूक, मूल नाजूक असा त्याचा अर्थ अजिबात नाही, नातेवाइकांना सांगताना हे स्पष्ट सांगा.

सातवी पायरी: व्याकरण, पटकन

मोअर फ्रॅजाइल, मोस्ट फ्रॅजाइल. फ्रॅजाइलर करू नका. नाम फ्रॅजिलिटी, तिथे जोर सरकून जिवर जातो. क्रियाविशेषण आहे पण कुणी वापरत नाही, तुम्हीही नका वापरू. सोबत एक्स्ट्रीमली, इन्क्रीझिंगली, पोलिटिकली, इमोशनली असे शब्द छान बसतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते टू. फ्रॅजाइल टू हीट, फ्रॅजाइल टू अटॅक असं होत नाही. कशामुळे तरी धोका आहे हे सांगायचं असेल तर सेन्सिटिव्ह टू हीट, व्हल्नरेबल टू अटॅक. फ्रॅजाइल एकटा उभा राहतो, त्याला कशाने ते विचारत नाहीत. सॉफ्टवेअरवाले आपल्या कोडला फ्रॅजाइल किंवा ब्रिटल दोन्ही म्हणतात, एका ठिकाणी बदल केला की भलतीकडे मोडतं त्याला, आणि छोट्या बदलाने कारण नसताना फेल होणाऱ्या टेस्टला बहुतेक ब्रिटलच म्हणतात.

आता सराव

खाली वाक्यं मराठीत देते, विशेषण तुम्ही निवडा, उत्तर लगेच पुढे आहे पण आधी झाकून ठेवा.

हा खडू हातात घेतला की तुटतो. ब्रिटल. त्या खोलीचं दार एका लाथेने उघडेल असं आहे. फ्लिम्झी. आजारपणानंतर काका खूपच थकलेत. फ्रेल. युती टिकून आहे पण कधीही तुटेल. फ्रॅजाइल. पगारवाढीचा विषय साहेबांकडे जपून काढावा लागेल. डेलिकेट. हे औषध उजेडाने खराब होतं. सेन्सिटिव्ह, आणि पुढे टू लाइट. बर्फासारख्या थंडीत ते प्लास्टिक वाकेना, तडकलं. ब्रिटल, आणि इथे बिकेम वापरा कारण थंडीने तसं झालं. आजोबांच्या वेळचा काचेचा कंदील अजून चालतो पण जपायला लागतो. फ्रॅजाइल.

शेवटचं एक, लंडन-लेस्टरकडे नव्याने गेलेल्यांसाठी. सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी आय ॲम फीलिंग अ बिट फ्रॅजाइल टुडे म्हणालं तर घरी काही वाईट घडलंय असं समजून लगेच चौकशी करू नका, ब्रिटिश बोलण्यात त्याचा अर्थ बऱ्याचदा रात्री जास्त झाली, आता डोकं दुखतंय, एवढाच असतो. चहा हवाय का विचारा.